सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप: घ्यावी की नाही?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारी मुलगी बदलापूरला राहते, कल्याणच्या कॉलेजात मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लोअर परळच्या एका जाहिरात कंपनीने तिला सहा महिन्यांची इंटर्नशिप देऊ केली आहे. सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. पैसे नाहीत, शेवटी अनुभवाचं प्रमाणपत्र मिळेल. 'काम आवडलं तर पुढे बघू' हे तोंडी. संध्याकाळी ती सातवी-आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, त्याचे महिन्याला सहा हजार येतात, ते बंद होतील. वडिलांची नोकरी कंत्राटी आहे. तिने तीन गोष्टी विचारल्यात. हे कायद्यात बसतं का? सगळेच करतात, मग मीही करावं का? आणि नाही म्हटलं तर या क्षेत्रात पुन्हा कोणी विचारेल का?

मी नऊ वर्षं जाहिरात कंपनीत माणसं निवडायचं काम केलं. गेली तेरा वर्षं उपनगरातल्या एका कॉलेजात प्लेसमेंट सेल बघते. इंटर्न घेणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे, पाठवणाऱ्यांच्याही. आता तुझ्याशीच बोलते.

या अटींवर ही इंटर्नशिप घेऊ नकोस. अटी बदलून मागता येतात, त्या कशा मागायच्या ते शेवटी सांगते. पण 'नको' का म्हणते आहे ते आधी नीट समजून घे, कारण घरी सांगताना आणि कंपनीला लिहिताना ते तुला लागेल.

हिशेबापासून सुरुवात करू, आणि तो कागदावर मांडू. मनातल्या मनात आपण फक्त पासाचे पैसे धरतो. त्या पासातही एक गोम आहे. कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म मिळतो तो घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजच्या स्टेशनपर्यंतचा. तुझा बदलापूर ते कल्याण. लोअर परळला जायचं तर कल्याणच्या पुढचा सगळा प्रवास पूर्ण दराने. रेल्वेच्या लेखी इंटर्नशिप हे शिक्षण नाही. कंपनीच्या लेखी मात्र ते शिक्षण आहे, म्हणून पगार नाही. या दोन व्याख्यांच्या मध्ये जे पडतं ते तुझ्या घरच्या खिशातून जातं.

मागच्या वर्षी डोंबिवलीचा एक मुलगा माझ्यासमोर बसून असाच हिशेब करत होता. कागद नव्हता, म्हणून त्याने हॉल तिकिटाची झेरॉक्स उलटी केली. पास. घरून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, दोन वेळा. स्टेशनवरून ऑफिसपर्यंत बस. दुपारी डबा नेला तरी सगळे खाली चहाला जातात, तेव्हा रोजचे वीस-तीस रुपये. मोबाइलचा डेटा, कारण कंपनीचं काम स्वतःच्या फोनवर. मग त्याने 'फॉर्मल शर्ट 2' असं लिहिलं आणि लगेच खोडलं, म्हणाला, "काकांचे आहेत मॅडम, होतात मला." बेरीज झाली 4,300. मी म्हटलं, आता जे मिळायचं बंद होईल ते लिही. संध्याकाळी तो एका मेडिकलच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा, त्याचे 5,500. त्याने बेरजेखाली शाळेत मारतात तशा दोन रेघा मारल्या आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये महिना मी त्यांना देतोय."

हे त्याचं वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक बॅचला सांगते. बिनपगारी इंटर्नशिप फुकट नसते. तिचे पैसे कोणीतरी भरतंच, आणि ते इंटर्नच्या आईवडिलांनी भरायचे असं गृहीत धरलेलं असतं.

तुझा हिशेब याच्याच आसपास येईल. शिकवणीचे सहा हजार बुडाले, वर चारेक हजार खर्च झाला. सहा महिन्यांचे साठ हजार. शिवाय वेळ. सकाळी पावणेआठला घर सोडायचं, दादरला गाडी बदलायची, करी रोडला उतरून चालत जायचं. सातला सुटलीस तर साडेनऊच्या आत घरी पोचणार नाहीस, आणि जाहिरात कंपनीत कोणी सातला सुटत नाही हे मी नऊ वर्षं पाहिलंय. हे सगळं तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर.

आता दुसऱ्या टोकाचं घर बघ. दादर किंवा पार्ल्याला स्वतःची जागा, आईवडील दोघे नोकरीला, मुलाने सहा महिने काही कमावलं नाही तरी घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या मुलाचा काही दोष नाही. तो हुशारही असेल, कष्टाळूही असेल. पण तुम्हा दोघांची तुलना मुलाखतीच्या खोलीत कधी झालीच नाही. 'सहा महिने, विनावेतन' हे शब्द वाचताक्षणीच तुझ्यासारख्या बहुतेक मुलींनी अर्जच केला नाही. लातूर-जळगावहून येऊन मुंबईत कॉट भाड्याने घेणाऱ्या मुलांचा तर प्रश्नच नाही. निवड मुलाखतीत होते असं आपण समजतो, पण ती जाहिरातीतल्या त्या एका ओळीतच उरकलेली असते. माझी खरी तक्रार हीच आहे. कंपनीने चार-पाच हजार वाचवले हे त्यामानाने लहान दुखणं.

मी स्वतः त्या टेबलाच्या आतल्या बाजूला होते, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे आणि जबाबदारीही. मी सव्वीस वर्षांची होते. उन्हाळ्यात आमच्याकडे बारा इंटर्न घ्यायचे. एप्रिल उजाडला की फोन सुरू. एका मोठ्या ग्राहकाची भाची, संचालकांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा मुलगा, कोणाची तरी मैत्रीण. वीस तारखेपर्यंत यादी भरलेली असायची. मेलवर आलेले अर्ज मी एका फोल्डरमध्ये टाकत होते. दोनशेच्या वर असतील. त्यात परळच्या, कुर्ल्याच्या, पनवेलच्या कॉलेजांची नावं दिसायची. तो फोल्डर दोन वर्षांत एकदाही उघडला गेला नाही. मी उघडला नाही. आणि पुढे कनिष्ठ कॉपीरायटर घ्यायची वेळ आली तेव्हा मुलाखतीत पहिला प्रश्न मीच विचारत होते: आधी कुठे इंटर्नशिप केली आहे?

याची किंमत कंपनीलाही मोजावी लागत होती. एकदा एका घरगुती वस्तूची मराठी जाहिरात आमच्याकडून गेली. मूळ हिंदीत लिहिलेली, मग मराठीत उतरवलेली. त्यात आजी म्हणते, "माझी मदत कर." मराठीत कुठली आजी असं म्हणते? ती "मला मदत कर" म्हणेल, किंवा नुसतं "जरा हात लाव गं" म्हणेल. खोलीत अकरा माणसं बसली होती, एकालाही ते खटकलं नाही, कारण घरी रोज मराठी बोलणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. मी ती जाहिरात टीव्हीवर लागल्यावर पाहिली, तीही आईने दाखवली म्हणून. त्या न उघडलेल्या फोल्डरमध्ये ती चूक अर्ध्या मिनिटात पकडणारी शंभर मुलं होती.

आता कायदा. इथे थोडं सावकाश वाच, कारण अर्धवट ऐकीव माहितीवर मुलं एकतर उगाच घाबरतात किंवा उगाच भांडायला उठतात.

'इंटर्न' म्हणून घेतलेल्या कोणालाही अमुक इतके पैसे दिलेच पाहिजेत असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. आहे तो शिकाऊ उमेदवार कायदा, 1961 चा. तो अप्रेंटिससाठी आहे. त्यात करार होतो, त्याची नोंदणी होते, विद्यावेतन द्यावं लागतं. 2019 मध्ये नियम बदलले, तेव्हा पदवीधर शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिन्याला 9,000 रुपये ठरलं. त्याच नियमांनी 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक केलं. तुझ्या कंपनीत चाळीसेक माणसं आहेत असं तू लिहिलंस. म्हणजे ही कंपनी त्या कक्षेत येते, आणि निदान एक तरी अप्रेंटिस तिने रीतसर, विद्यावेतन देऊन घ्यायला हवा. 'बजेट नाही' हे उत्तर देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांना हे ठाऊकच नसतं, आणि केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेतून किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकार उचलतं हेही माहीत नसतं. पश्चिम विभागाचं हे काम बघणारं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगचं कार्यालय आपल्या मुंबईतच, सायनला आहे.

पण तुझी अडचण मला दिसते आहे. ही योजना मुख्यतः पदवी किंवा पदविका हातात आल्यावरची. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली. बारावी झालेल्यांना महिन्याला 6,000, आयटीआय आणि पदविकावाल्यांना 8,000, पदवीधरांना 10,000. पण शिक्षण चालू असणाऱ्यांना ती नाही. त्याच वर्षी केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर केली, मोठ्या पाचशे कंपन्यांमध्ये वर्षभर, महिन्याला 5,000. योजना आली तेव्हा तिथेही पूर्णवेळ शिकणाऱ्याला प्रवेश नव्हता. बघ, पैसे देणाऱ्या योजना बहुतेक शिक्षण संपल्यावरच सुरू होतात, आणि कंपन्या मात्र पदवीच्या आतच अनुभव मागतात. मधली ही जी दोन-तीन वर्षं आहेत, तिथेच बिनपगारी इंटर्नशिपचं पीक येतं. काही कॉलेजांनी आता अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदव्या सुरू केल्या आहेत, त्यात शिकतानाच विद्यावेतन मिळतं. तुला आता त्याचा उपयोग नाही, पण तुझा धाकटा भाऊ बारावीला आहे म्हणालीस, त्याच्यासाठी लक्षात ठेव.

एक कायदा मात्र तुला आजही पूर्ण लागू आहे आणि तो प्रत्येक मुलीला पाठ असायला हवा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा. त्यातल्या 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी येतात, अप्रेंटिस येतात, मोबदला न घेता काम करणारेही येतात. "तू तर इंटर्न, तू कुठे आमची कर्मचारी?" असं कोणी म्हणालं तर ते साफ खोटं आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत लेखी द्यायची. रुजू होतानाच विचारायचं: समितीत कोण कोण आहेत, नावं कुठे लावली आहेत? नोकरी मिळेल या आशेवर बसलेली, पगार नसलेली, ऑफिसात कोणाला फारशी न ओळखणारी वीस वर्षांची मुलगी ही त्या इमारतीतली सगळ्यात एकटी व्यक्ती असते. म्हणून हे इतक्या जोर देऊन सांगते.

'कॉलेजला क्रेडिटसाठी लागतं ना, मग करावीच लागेल' हा मुद्दाही निकालात काढू. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे ऑन जॉब ट्रेनिंगचे, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे, साधारण चार क्रेडिट असतात, एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे 120 तास. तुझ्या कॉलेजचा नेमका आकडा विभागप्रमुखांना विचारून घे. कंपनी तुझ्याकडे मागते आहे रोजचे नऊ तास, आठवड्याचे सहा दिवस, सव्वीस आठवडे. चौदाशे तासांच्या वर. अभ्यासक्रमाच्या नावाखाली दसपटीहून जास्त काम. हा आकडा मेलमध्ये लिही, तो फार उपयोगी पडतो.

इतर क्षेत्रांत काय चालतं ते धावतं सांगते, कारण 'सगळेच करतात' हे खरं नाही. सीएच्या आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होताना फर्ममध्ये करायच्या उमेदवारीला, सीएंच्या संस्थेने ठरवलेलं किमान विद्यावेतन द्यावंच लागतं. ते तुटपुंजं आहे, पण शून्य नाही. एमबीबीएसनंतरच्या इंटर्नना सरकारी महाविद्यालयांत विद्यावेतन मिळतं. रिझर्व्ह बँक आपल्या समर इंटर्नना देते. वकिलीत चित्र वाईट आहे. बार कौन्सिलच्या नियमांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20 आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला 12 आठवडे इंटर्नशिप सक्तीची केली, पण तिचे पैसे कोणी द्यायचे ते सांगितलं नाही. फोर्टातल्या चेंबरमध्ये फायली उचलणारी बहुतेक मुलं घरच्या पैशांवरच येतात. फ्रान्समध्ये दोन महिन्यांपेक्षा लांब इंटर्नशिप असेल तर मोबदला द्यावाच लागतो, तिथे कायदाच आहे.

आणि आपल्याला परदेशात जायचीही गरज नाही. 'कमवा आणि शिका' हे या मातीतलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती स्वावलंबी शिक्षणाच्या तत्त्वावर. गरिबाच्या मुलाने श्रम करावेत आणि त्या श्रमावर त्याचं शिक्षण व्हावं. त्यात श्रमाला मोल होतं. तुझी कंपनी ज्या गिरणीच्या आवारात आहे, तिथे एकेकाळी बदली कामगार सकाळी फाटकावर येऊन उभा राहायचा. आत घेतलं नाही तर परत जायचा, पण घेतलं तर त्या दिवसाची मजुरी त्याला मिळायची. त्याच जागेवर काचेची इमारत झाली आणि आत घेतलेल्या माणसालाही काही द्यायचं नाही असं ठरलं, हे मला फार लागतं.

मग बिनपगारी कधीच काही करू नये का? असं मी म्हणत नाही. दोन आठवडे, फार तर चार आठवडे, कोणी तुला शेजारी बसवून खरोखर शिकवत असेल तर जरूर कर. एखादी सामाजिक संस्था, जिथे प्रमुखालाही जेमतेम मानधन मिळतं, तिथे मनापासून काम करायचं असेल तर तेही कर. ती सेवा आहे आणि तू ती समजून देते आहेस. ओळखायचं कसं, याची माझी एक साधी कसोटी आहे. तू उद्या आली नाहीस तर कंपनीत कोणाचं काम अडेल? कोणाचंच अडणार नसेल, उलट तुला शिकवायला ठेवलेला माणूस जरा मोकळा होणार असेल, तर तू तिथे शिकायला आहेस. पण तू न आल्यामुळे तीन ग्राहकांची इन्स्टाग्राम पानं त्या दिवशी रिकामी राहणार असतील, तर तू तिथे काम करते आहेस आणि कामाचा पगार असतो. तुझ्या पत्रात जबाबदाऱ्या म्हणून जे लिहिलंय, 'रोज चार पोस्ट, आठवड्याला दोन रील, महिन्याचा अहवाल', ते पूर्ण एका माणसाचं काम आहे. मी हे पद भरलेलं आहे. त्याला पगार असतो.

आणि इंटर्नशिपसाठी उलट तुझ्याकडेच पैसे मागणारे भेटतील. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, परत मिळणारी अनामत. काही ऐकून न घेता फोन ठेवायचा.

आता तुझा तिसरा प्रश्न, दार बंद होईल का. नाही होणार, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. आमच्या क्षेत्रात प्रमाणपत्र कोणी उघडूनही बघत नाही. केलेलं काम बघतात. आमच्याकडची एक मुलगी अशीच एक बिनपगारी संधी सोडून आली आणि रडवेली झाली होती. कल्याणला एक साड्यांचं दुकान आहे, मालक ओळखीचे. त्यांच्याकडे तिला पाठवलं. दुकानाचं पान चालवायचं, आठवड्याला तीन दिवस, महिना तीन हजार. पहिल्याच आठवड्यात तिने साडीचा पदर गल्ल्यावर पसरून ट्यूबलाइटखाली फोटो काढला, रंग पार उडालेला आला. मालकांनीच सांगितलं, "बेटा, दुकान उघडतो तेव्हा दारात ऊन येतं, तेव्हा काढ." मग ती रोज सकाळी साडेनऊला दारात स्टूल टाकून फोटो काढायची. पैठणीच्या काठाचा, नेसलेल्या निऱ्यांचा, घडी मोडतानाचा. लग्नसराईत लोक फोनवर फोटो दाखवून 'हीच द्या' म्हणायला लागले. चार महिन्यांनी मुलाखतीला गेली तेव्हा तिने हे सगळं लॅपटॉपवर दाखवलं, कुठल्या फोटोला किती जणांनी विचारणा केली त्याच्या वहीसकट. तिला घेतलं. तिच्याबरोबर मुलाखतीला बसलेल्या एकाकडे तीन मोठ्या कंपन्यांची प्रमाणपत्रं होती, पण 'तू स्वतः काय केलंस' याचं उत्तर नव्हतं.

आमच्यासारख्या कॉलेजवाल्यांचाही यात मोठा वाटा आहे. सूचनाफलकावर लावलेल्या इंटर्नशिपचा आकडा अहवालात जातो, तो जितका मोठा तितकं छान दिसतं, म्हणून वाट्टेल ते लावलं जातं. मीही लावलं. काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की चार आठवड्यांहून लांब आणि बिनपगारी असेल तर फलकावर येणार नाही. काही कंपन्यांनी येणं सोडलं. काहींनी निदान पास आणि जेवणाचे पैसे सुरू केले. एका छोट्या कंपनीच्या मालकीणबाई माझ्यासमोर बसून प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मला सहा महिने पैसे देणं खरंच जमणार नाही." मी म्हटलं, मग सहा आठवडेच ठेवा आणि त्या सहा आठवड्यांचे द्या. त्यांनी तसं केलं. त्यांना त्या वर्षी दुप्पट अर्ज आले, आणि त्यात प्रथमच कसारा आणि कर्जत लाइनवरची मुलं होती. कोणी इंटर्न घेणारे हे वाचत असतील तर माझी कळकळीची विनंती आहे: मुदत कमी करा, पण पैसे द्या, आणि रक्कम जाहिरातीतच लिहा. रक्कम लिहिलेली नसेल तर गरजू मूल विचारायलाच धजत नाही.

आता कंपनीला काय लिहायचं ते. मेल इंग्रजीत लिही, पण मजकूर असा ठेव. पहिल्या परिच्छेदात आभार आणि काम आवडल्याचं. नाराजीचा सूर नको, लाचारीचाही नको. दुसऱ्यात तुझा प्रस्ताव: "माझ्या अभ्यासक्रमाला 120 तासांचं प्रशिक्षण लागतं. मी आठवड्यातून तीन दिवस, दहा ते पाच, सहा आठवडे येऊ शकते. बदलापूरहून येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च कंपनीने द्यावा अशी विनंती आहे. त्यानंतर काम पुढे चालू ठेवायचं झाल्यास मासिक विद्यावेतनावर आनंदाने ठेवीन." तीन दिवस म्हणजे आठवड्याचे एकवीस तास, सहा आठवड्यांत 126. कॉलेजचंही भागतं, आणि पाचला सुटलीस तर शिकवणी निदान चार दिवस टिकते. तिसऱ्या परिच्छेदात तीन गोष्टी लेखी माग: रोजचं मार्गदर्शन कोण करणार त्यांचं नाव, केलेलं काम स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी, आणि मुदत संपल्याची तारीख. 'पुढे बघू' हे तोंडी असेल तर ते धरून चालू नकोस. मी नऊ वर्षांत ते वाक्य किती जणांना बोलले आणि त्यातल्या किती थोड्यांना नोकरी दिली, हे मला माहीत आहे.

तू सोमवारी उत्तर द्यायचं आहे असं लिहिलंस. मेल शनिवारी रात्रीच लिहून ठेव, रविवारी सकाळी आईला वाचून दाखव, काय वाटतं विचार, आणि सोमवारी दहाच्या आधी पाठव. फोनवर बोलू नकोस. फोनवर त्यांचा माणूस तुझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा असेल आणि दोन मिनिटांत तुझ्याकडून 'चालेल सर' म्हणवून घेईल. फोन आलाच तर 'मेलवर सविस्तर लिहिलंय, त्यावरच कळवा' एवढंच म्हण.

उत्तर काहीही आलं तरी मला कळव. 'नाही' आलं तर लगेच कळव, कारण कल्याणच्या त्या साड्यांच्या दुकानात दिवाळीआधी पुन्हा कोणीतरी हवं आहे, आणि मालक आता महिन्याला चार हजार देतात.